बायोसचा पासवर्ड विसरलाय, सोलापुरात काय करावं?

चादर_हिशेब
अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या कारखान्याच्या ऑफिसात दोन मशिनी अडकल्यात. जुना डेल ऑप्टिप्लेक्स डेस्कटॉप चालू करताच बायोसचा (विंडोजच्या आधी चालणाऱ्या, मशीनच्या स्वतःच्या प्रोग्रामचा) पासवर्ड मागतो, विंडोजपर्यंत जातच नाही. थिंकपॅड लॅपटॉपवर विंडोज सुरू होतं, पण एफ१ दाबून बायोसच्या सेटअपमध्ये गेलं की सुपरवायझर पासवर्ड मागतो. बिलं दोन्हींची आहेत. बोर्डावरचा सेल काढून ठेवला की भागतं का? की नवी पेठेत कुणाला दाखवावं?

जंपरकाका
डेस्कटॉप दुकानात नेऊच नका. असेंबल्ड मशीनचा पासवर्ड सेल काढल्यावर बहुधा जातो. ऑप्टिप्लेक्सवर ती आशा ठेवू नका, त्याला वेगळा जंपर (बोर्डावरच्या दोन पिना जोडणारी छोटी टोपी) असतो.

पॉवर केबल काढा, मग पॉवरचं बटण दहा-पंधरा सेकंद दाबून धरा, म्हणजे उरलेला करंट निघून जाईल. लूमच्या भागातल्या कॅबिनेटमध्ये सुताची धूळ साचते, ती आधी ब्रशनं झाडा, नाहीतर बोर्डावरची अक्षरं दिसायची नाहीत. 'पीएसडब्ल्यूडी' (PSWD) लिहिलेल्या दोन पिनांवरची टोपी काढा, केबल लावून मशीन एकदा चालू होऊ द्या. पासवर्ड या चालू होण्याच्या (बूटच्या) वेळी पुसला जातो. नुसती टोपी काढून लगेच परत बसवली तर काहीच होत नाही, आणि बरेच जण इथंच चुकतात. नंतर बंद करून, केबल काढून टोपी जागेवर बसवा.

शेजारचा 'आरटीसीआरएसटी' (RTCRST) जंपर छेडू नका. त्यानं सेटिंग्ज मूळपदावर जातात. साटा मोड (डिस्कशी बोलण्याची पद्धत) एएचसीआयवरून रेडवर गेला, तर विंडोज निळा पडदा दाखवून थांबतं. पासवर्ड मात्र तसाच राहतो.

कॅबिनेट उघडलंच आहे तर सीआर२०३२ सेल मोजा. नवा ३ व्होल्ट देतो. उतरलेला असेल तर तारीख मागं जाते, ब्राउझर सर्टिफिकेटवर अडतो आणि जीएसटीचं पोर्टलही उघडत नाही.

सोल्डर_सोलापूर
थिंकपॅडचा सेल काढून उपयोग नाही. सुपरवायझर पासवर्ड बोर्डावरच्या चिपमध्ये असतो, वीज गेली तरी राहतो. कंपनीचं उत्तर एकच, मदरबोर्ड बदला. चिपच्या पिना शॉर्ट करून काढून देतो म्हणणाऱ्याला नाही म्हणा, चालता बोर्ड कायमचा जाऊ शकतो.

माझं मत विचाराल तर तसाच वापरा. विंडोज परत टाकायचं तर आतूनच 'रीसेट धिस पीसी' चालतं. एसएसडी बदलता येते. एफ१२चा बूट मेनू बंद केलेला नसेल तर पेनड्राइव्हवरूनही बूट होईल.

चादर_हिशेब
डेस्कटॉपवर टॅलीचा डेटा आहे. जंपरनं तो जाईल का?

जंपरकाका
नाही, डेटा डिस्कवर असतो. पण बिटलॉकर (डिस्कला कुलूप लावणारी विंडोजची सोय) चालू असेल तर बायोसमधल्या बदलानंतर विंडोज ४८ अंकी रिकव्हरी की मागू शकतं. मशीनवर मायक्रोसॉफ्ट अकाउंट असेल तर त्यात आधी बघून लिहून ठेवा. पासवर्डच्या चौकटीवर हार्ड डिस्कचं नाव येतंय का, तेही पाहा. तो पासवर्ड डिस्कमध्येच असतो, जंपरनं काय, बोर्ड बदलूनही जात नाही.

सोल्डर_सोलापूर
तरी अडलंच तर कॅबिनेटवरचा सर्व्हिस टॅग (मशीनचा ओळख क्रमांक) आणि बिल घेऊन डेलच्या सपोर्टला फोन करा. मालकी पटली की ते पुढचा मार्ग सांगतात.