आंबील उकळल्यावर पोटासाठी काही उरतं का? मदत हवीये

नाशिककर मंडळी, आईला (वय ६२) अँटिबायोटिक्सच्या कोर्सनंतर महिनाभर गॅस आणि पोट फुगणं चालूये. डॉक्टरांना दाखवलं, रिपोर्ट नॉर्मल, खाणं सुधारा म्हणाले. शुगर-बीपी नाही, दूध पचत नाही पण ताक चालतं. मिसळ बंद केलीये (यावरून घरात जास्त वाद झाले). प्रोबायोटिक (जिवंत चांगले जिवाणू असलेल्या) कॅप्सूल १५ दिवस दिल्या, फरक शून्य, इसबगोलने तर अजूनच फुगलं.

आता पेठ तालुक्याकडची नागली (नाचणी) आणलीये, पीठ ताकात रात्रभर भिजवते, सकाळी वर बारीक बुडबुडे आणि आंबूस वास, मग शिजवून आंबील. पण उकळल्यावर जिवाणू मरणारच ना? वाचलं की पोस्टबायोटिक म्हणजे मेलेले जिवाणू किंवा त्यांचे घटक, २०२१ मध्ये शास्त्रज्ञांनी तशी व्याख्या पण केलीये, फक्त फायदा सिद्ध झालेला हवा, म्हणजे घरची प्रत्येक आंबील त्यात बसेलच असं नाही. महागड्या पावडरी सुचवू नका प्लीज.

कोणी आहारतज्ज्ञ असेल तर सांगा, आंबील तशीच द्यायची की गार झाल्यावर वरून कच्चं ताक घालायचं? आणि सुरुवात अर्ध्या वाटीने करू की त्याहून कमी?