प्रादेशिक जलद बस: पाचही मार्गिकांची कामं एकदम काढावीत का?

रेखांश:

नमस्कार मंडळी. मी स्थापत्य अभियंता, आजवरचं काम मुख्यतः रस्ते आणि छोटे पूल. नुकताच एका प्रादेशिक जलद बस (बीआरटी, म्हणजे बससाठी राखीव मार्गिकेतून धावणारी सेवा) प्रकल्पाच्या व्यवस्थापनात आलो आहे. एक मोठं शहर, त्याच्या आसपासची तीन छोटी शहरं, मधला पट्टा ग्रामीण आणि या सगळ्यांना जोडणाऱ्या पाच मार्गिका. लांबी साठ किलोमीटरच्या पुढे. रस्त्यांची मालकी मात्र एकाकडे नाही: काही भाग स्थानिक संस्थांचे, काही महामार्ग खात्याचे.

सध्या दोन मतं आहेत. पहिलं, पाचही मार्गिकांच्या निविदा एकदम काढायच्या आणि हद्दीप्रमाणे पॅकेज (वेगवेगळ्या कंत्राटांचे तुकडे) पाडायची, म्हणजे ज्याचं काम तो सांभाळेल. दुसरं, कामाच्या प्रकाराप्रमाणे पाडायची: रस्ता एकाकडे, स्थानकं दुसऱ्याकडे, सिग्नल आणि तिकीट यंत्रणा तिसऱ्याकडे, आगार चौथ्याकडे. कागदावर दोन्ही तीन वर्षांत बसतात. मला दोन्हींत काहीतरी खटकतंय, पण बैठकीत नेमकं बोट ठेवता येत नाही.

शिवाय जमिनीखालच्या (पाणी, वीज वगैरे) वाहिन्यांचे नकाशे मिळाले आहेत, ते एकमेकांवर ठेवले की जुळत नाहीत. आणि गाड्यांच्या खरेदीबद्दल 'रस्ता तयार होऊ दे, मग बघू' असं चाललंय. असं काम प्रत्यक्ष हाताळलेल्यांनी सांगावं, सुरुवात कुठून करू?

दुभाजक:

रेखांश, मी अशाच एका जलद बस प्रकल्पावर समन्वयाचं काम बरीच वर्षं केलं आहे, म्हणून सविस्तर लिहिते.

दोन्ही मतांत खटकणारी गोष्ट एकच आहे. बस हद्दीप्रमाणे धावत नाही आणि कामाच्या प्रकाराप्रमाणेही धावत नाही. ती आगारातून निघते, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जाते आणि परत फिरते. हद्दीप्रमाणे पॅकेज पाडलीत तर एका शहरातला तुकडा चकचकीत तयार होईल आणि पुढच्या हद्दीतलं भूसंपादन अडकल्यामुळे त्यावर दोन वर्षं दुचाक्या उभ्या राहतील. प्रकाराप्रमाणे पाडलीत तर स्थानकाचा कंत्राटदार रस्त्याच्या पातळीची वाट बघेल, सिग्नलवाला स्थानकाची, आणि मुदतवाढीचे अर्ज सगळेच एकमेकांकडे बोट दाखवून करतील. ते खोटंही बोलत नसतील.

म्हणून आधी फेरी ठरवा. 'पहिल्या दिवशी इथून तिथपर्यंत, दर इतक्या मिनिटांनी' असं एक वाक्य सगळ्यांच्या सहीनिशी पक्कं करा. त्या फेरीला लागणारं सारं, म्हणजे मार्गिका, स्थानकं, चौक, आगार, बस वळवायची जागा, गाड्या आणि तयार चालक, एका टप्प्यात घ्या. पॅकेज कितीही पाडा, पण प्रत्येक पॅकेजची तारीख त्या फेरीच्या तारखेला बांधलेली हवी.

जलद बसची नावाजलेली जाळी अशीच वाढली आहेत. ब्राझीलमधल्या कुरितिबानं १९७४ मध्ये सुरुवात केली. तिथली नळीच्या आकाराची प्रसिद्ध स्थानकं १९९१ मध्ये आली. अहमदाबाद २००९ मध्ये साडेबारा किलोमीटरवर सुरू झालं आणि मग पसरत गेलं. इस्तंबूलची मेट्रोबस २००७ मध्ये युरोपच्या बाजूला धावू लागली आणि २००९ मध्ये बॉस्फरस ओलांडून आशियात गेली. पुलावर तिला वेगळी मार्गिका मिळालीच नाही, तिथं ती इतर गाड्यांतूनच जाते. जिथं जागा नाही तिथं हे चालतं, फक्त ते आधी ठरवून केलेलं असावं.

आता गाड्यांचं. 'मग बघू' हे तुमच्या पोस्टमधलं सगळ्यांत धोक्याचं वाक्य आहे. दार कोणत्या बाजूला आणि बसची फरशी किती उंच, या दोन गोष्टी कळल्याशिवाय स्थानकाचा एकही नकाशा मंजूर करू नका. अहमदाबाद आणि जकार्तामध्ये वाहनं डावीकडून चालतात आणि फलाट रस्त्याच्या मध्यावर, म्हणून बसना उजवीकडे दारं लागली. इस्तंबूलमध्ये वाहतूक उजवीकडून, दारंही उजवीकडे आणि फलाट मध्यावर. तिथं गाड्याच मार्गिकेत उलट्या बाजूनं चालवाव्या लागल्या. तुमच्या प्रकल्पात आणखी एक गोष्ट आहे. बस मार्गिका सोडून ग्रामीण भागातल्या साध्या थांब्यांवर जाणार असेल, तर तिला दोन्ही बाजूंना दारं लागतील. दारं वाढली की आसनं कमी होतात. शहरात दहा मिनिटं उभं राहणारा प्रवासी तासाभराच्या प्रवासात उभा राहत नाही, तो दुसरं वाहन बघतो. चीनमधल्या ग्वांगझूनं २०१० मध्ये बस मार्गिकेत शिरेल आणि बाहेरही पडेल अशी रचना केली, प्रवाशाला उतरून बदलावं लागत नाही. कोलंबियातल्या बोगोटानं मुख्य मार्ग आणि पूरक मार्ग वेगळे ठेवले, त्यामुळे बदलासाठी मोठी टर्मिनलं बांधावी लागली. तुम्ही कोणती रचना घेताय त्यावर किती जमीन लागेल हे ठरतं. म्हणजे हा निर्णय भूसंपादनाच्याही आधीचा आहे.

उंचीबद्दल एक बारकावा. नकाशात फलाट ४०० किंवा ९०० मिलिमीटर लिहिलेला असतो, पण ती उंची रस्त्याच्या अंतिम पातळीपासूनची असते. स्थानकासमोर डांबर ठेवलंत तर रोज त्याच जागी ब्रेक मारणाऱ्या गाड्यांनी तिथं चाकोऱ्या पडतात. मग देखभालवाले चाळीस मिलिमीटरचा थर वरून टाकतात, आणि बसची फरशी फलाटापेक्षा तेवढी वर जाते. चाकांच्या खुर्चीतल्या माणसाला ती भिंतच. त्यामुळे स्थानकासमोर काँक्रीटच हवं, आणि त्याखालचा थरही तितकाच चांगला हवा. बोगोटात स्लॅबखालच्या भरावानं दगा दिला आणि मार्ग नवा असतानाच स्लॅब तडकू लागले. वरचं काँक्रीट जाड असून उपयोग झाला नाही.

फेरीपत्रक:

मी वाहतूक विभागातला, वेळापत्रक आखणारा. दुभाजक ताईंशी सहमत. माझ्याकडून दोन गोष्टी.

गर्दीच्या तासात एका दिशेला तीन हजार सहाशे प्रवासी आणि एका बसमध्ये साठ धरले, तर तासाला साठ बस झाल्या. म्हणजे दर मिनिटाला एक. स्थानकावर चढउतारीला पंचवीस सेकंद, आत येणं आणि बाहेर पडणं मिळून आणखी पंधरा. सरासरीनं हे बसतं, पण बस सरासरीनं येत नाहीत. सिग्नल सुटला की तीन एकदम येतात आणि मागच्या दोन स्थानकाबाहेर उभ्या राहतात. म्हणून अशा ठिकाणी त्याच स्थानकात दुसऱ्या बसला थांबायची जागा आणि ओलांडून जायची मार्गिका लागते. बोगोटाची प्रचंड क्षमता स्थानकाशेजारच्या या जादा मार्गिकेमुळे आणि न थांबणाऱ्या गाड्यांमुळेच आहे. प्रादेशिक मार्गावर तर जलद गाडी हवीच. दर थांब्यावर थांबत गेलो तर दूरचा प्रवासी मिळणार नाही. ओलांडायच्या मार्गिकेला प्रत्येक दिशेला साडेतीन मीटर जादा रुंदी लागते. भूसंपादन झाल्यावर ती मागायला गेलो तर कोणी देत नाही. स्थानकांची यादी आताच घेऊन बसा आणि कुठल्या स्थानकाला ती लागणार त्यावर खूण करा.

दुसरं आगार. सगळ्या बैठकांत ते शेवटच्या पानावर असतं, आणि उरलेली जागा त्याला मिळते. टांझानियातल्या दार-एस-सलामची सेवा २०१६ मध्ये सुरू झाली. तिथलं जांगवानीचं आगार नदीच्या पूरक्षेत्रात आहे, ते वारंवार पाण्याखाली गेलं आणि गाड्यांचं नुकसान झालं. जागा निवडताना पूररेषा बघा, आणि मार्गिकेच्या टोकापासूनचं अंतरही. रिकामी बस रोज पहाटे लांबून आणायची तर इंधन आणि चालकाचा वेळ दोन्ही कायमचे वाया. गाड्या विजेवरच्या असतील तर आगाराच्या वीजजोडणीचा अर्ज रस्त्याच्या निविदेच्या आधी करा. उपकेंद्र उभं राहायला वेळ लागतो आणि तो वेळ तुमच्या हातात नसतो.

रेखांश:

दोघांचेही मनापासून आभार. फेरी आधी, पॅकेज नंतर, हे मी उद्याच मांडतो.

वरिष्ठांचा आक्षेप मात्र मला आत्ताच ऐकू येतोय. एकच मार्गिका आधी केली तर दिल्लीसारखं होईल, असं ते म्हणतात: एक तुकडा बांधला, लोक चिडले, शेवटी उखडला. म्हणून त्यांना पाचही ठिकाणी काम दिसायला हवंय. आणि वाहिन्यांबाबत एकांचं म्हणणं असं की त्यांचं स्थलांतर कंत्राटदाराच्या एकरकमी (सगळ्याची मिळून एकच ठरलेली रक्कम) कामातच टाका, नकाशे जुळोत न जुळोत, जोखीम त्याची.

दुभाजक:

दिल्लीचा मुद्दा रास्त आहे, पण त्याचा अर्थ वेगळा लावा. २००८ मध्ये तिथं आंबेडकर नगर ते मूलचंद हा ५.८ किलोमीटरचा पट्टा उघडला आणि २०१६ मध्ये तो काढून टाकला. एवढ्या पट्ट्यात बसप्रवाशाचा वाचणारा वेळ थोडा, चौकांतले सिग्नल लांबलेले, आणि शेजारच्या रांगेत अडकलेल्या मोटारीतल्या माणसाला रिकामी दिसणारी मार्गिका रोज डोळ्यांत खुपणारी. म्हणून पहिला टप्पा असा निवडा की प्रवाशाचा पूर्ण प्रवास त्यात होईल: घराजवळून कामाच्या ठिकाणापर्यंत, किंवा एका शहराच्या स्थानकातून दुसऱ्या शहराच्या स्थानकात. हुबळी आणि धारवाड या जोडशहरांमधली बस बघा, सुमारे बावीस किलोमीटर. तिथं दोन टोकांना दोन शहरं आहेत, तुकडा नाही.

वाहिन्यांबाबत मी अगदी स्पष्ट सांगते. न दिसणारी जोखीम एकरकमी कामात ढकलली की शहाणा कंत्राटदार तिची किंमत आधीच लावतो आणि गरजू कंत्राटदार ती नंतर दाव्यात मागतो. पैसे दोन्हीकडे तुमचेच जातात. त्यापेक्षा निविदेआधी चाचणी खड्डे घ्या. स्थानकाच्या प्रत्येक जागी आणि प्रत्येक मोठ्या चौकात, मार्गिकेला आडवा चर, हातानं खणलेला, यंत्रानं नाही. अशाच एका चरात आम्हाला मीटरभर खाली आडव्या विटांची ओळ लागली. जुन्या वीजकेबलवर सूचना म्हणून अशा विटा मांडलेल्या असतात. केबल कुठल्याही नकाशात नव्हती, आणि नकाशात दुभाजकाखाली दाखवलेली जलवाहिनी प्रत्यक्षात डाव्या मार्गिकेखाली निघाली, बरोबर जिथं स्थानकाचा पाया येणार होता. निविदेआधी हे कळलं म्हणून स्थानक थोडं सरकवता आलं. काम सुरू झाल्यावर कळलं असतं तर पाणीपुरवठा बंद ठेवायची परवानगी, नवी वाहिनी, तिची चाचणी, आणि तोवर यंत्रं उभी.

खड्डे घेताना पाणीपुरवठ्याचा जुना व्हॉल्व्हमन सोबत न्या, निवृत्त झालेला असला तरी घरून बोलावून. कुठला व्हॉल्व्ह फिरवला की कुठलं पाणी जातं हे त्याला ठाऊक असतं, आणि त्यावरून वाहिनी कुठून गेली असेल हे तो दाखवतो. जे सापडेल त्याची खोली आणि व्यास लिहून, फोटो काढून, संबंधित खात्याच्या माणसाची तिथल्या तिथे सही घ्या. ती माहिती निविदेला जोडा, आणि स्थलांतराचं काम बाबनिहाय दरानं द्या, म्हणजे जेवढं निघेल तेवढं मोजून देता येईल.

जागेचंही तेच. कामाची मुदत जागा ताब्यात दिल्यापासून मोजली जाते. तुकड्या-तुकड्यांत जागा दिलीत तर मुदतवाढ देणं तुम्हाला भाग आहे, आणि बसून राहिलेल्या यंत्रांचा दावा वर येईल. पहिल्या मार्गिकेची जागा जवळपास पूर्ण हातात येईपर्यंत कार्यादेश देऊ नका, उद्घाटनाची तारीख कुणीही जाहीर केलेली असो.

वरिष्ठांना पाचही ठिकाणी काम दिसायला हवंय ना, तर उरलेल्या चार मार्गिकांवर खोदकाम सोडून बाकी सगळं सुरू करा: मोजणी, चाचणी खड्डे, झाडांची गणना, दुकानदारांशी बोलणी, आगाराच्या जागेची मोजणी. चालू बस त्याच रस्त्यानं वाढवा, थांबे नीट करा, दोन-तीन मुख्य चौकांत बसला सिग्नलवर प्राधान्य द्या. लोकांना बस वेळेवर आलेली दिसली की पुढचं खोदकाम ते सहन करतात. पहिल्या मार्गिकेत मात्र शेवटच्या महिन्यांत प्रवाशांविना चाचणी फेऱ्या ठेवा आणि तो काळ बांधकामाच्या उशिरात खाऊ देऊ नका. फलाटाला बस समांतर लावणं चालकाला सरावानंच जमतं.

फेरीपत्रक:

चाचणी फेऱ्यांवरून एक भर. रिकाम्या बसनं चाचणी घेऊ नका, वाळूच्या गोण्या भरा. भरलेली बस खाली बसते, आणि फलाटाशी तिची पातळी किती जुळते हे तेव्हाच कळतं. एका स्थानकावर मोजलं म्हणून बाकीची गृहीत धरू नका, प्रत्येक दारासमोर पट्टी लावून मोजा.