नीतिसूत्रे ९:४ मधील ‘भोळा’ : हा शब्द ठेवावा की बदलावा?

अनुवादिका : आमच्या ख्रिस्ती मंडळीतील तरुणांसाठी बायबलमधील ‘नीतिसूत्रे’ या पुस्तकाचा नववा अध्याय सोप्या मराठीत उतरवताना मी चौथ्या वचनापाशी अडले आहे. ज्ञान ही स्त्री सात खांबांचे घर बांधून, भोजन मांडून, दासींना पाठवून नगराच्या उंच जागांवरून ज्याला ‘इकडे वळ’ म्हणते, त्याला हिब्रूत ‘पेती’ म्हटले आहे. मी रूढीप्रमाणे ‘भोळा’ लिहिले, तेव्हा एका मुलाने विचारले, “आजी तर देवाला भोळा भाव आवडतो म्हणते, मग भोळेपण सोडायचे कशाला?” मला उत्तर देता आले नाही. दुसरा शब्द सुचवावा.

नगरकर : ‘भोळा’च ठेवावा. एकोणिसाव्या स्तोत्रातील ‘भोळ्यांना समंजस करतो’ हे शब्द मी लहानपणी वडिलांच्या तोंडून रोज ऐकले आहेत. तिथेही मूळ शब्द ‘पेती’च आहे, आणि ११६व्या स्तोत्रात परमेश्वर ज्यांना सांभाळतो तेही ‘पेती’च.

हिब्रूचा विद्यार्थी : ‘पेती’चा संबंध ‘उघडे असणे’ या अर्थाच्या धातूशी लावतात. ज्याच्या मनाला दार नाही, जो नीतिसूत्रे १४:१५ प्रमाणे प्रत्येक शब्दावर विश्वास ठेवतो, तो पेती. त्याच अक्षरांच्या क्रियापदाचा अर्थ भुलवणे असा आहे. होशेय या संदेष्ट्याच्या पुस्तकाच्या दुसऱ्या अध्यायात देव आपल्या लोकांना भुलवून रानात नेईन म्हणतो, तिथे तेच क्रियापद आहे. मला तर ‘भोळा’ आणि ‘भुलणे’ ही एकाच घरातली वाटतात, आणि तसे असेल तर जुन्या भाषांतरकारांची निवड फार नेमकी ठरते.

संतसाहित्याची वाचक : ध्वनिसाम्यावरून व्युत्पत्ती ठरवू नये, ही विनंती. आपल्याकडे ‘नेणता’ हा अस्सल शब्द असताना तो का वापरू नये? नेणत्याला जाणता होता येते. ‘भोळा’ हा भक्तीत गुणच आहे, त्यामुळे मुलाचा प्रश्न रास्त आहे.

अनुवादिका : ‘नेणता’ मला प्रिय आहे, पण ही मुले तो शब्द बोलत नाहीत. पंडिता रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक शिकून बायबल मराठीत आणले, ते साध्या बायकांना कळावे म्हणून. त्यांच्या मृत्यूनंतर १९२४ साली ते पूर्ण छापून आले. ती कसोटी मला सोडवत नाही. ‘नवखा’ कसा वाटतो?

नगरकर : नवखा माणूस कामाला नवा असतो, आणि चार महिन्यांत त्याचे नवखेपण आपोआप जाते. पेतीचे तसे जात नाही; १:२२ मध्ये त्याला भोळेपणाची आवडच असल्याचे म्हटले आहे.

हिब्रूचा विद्यार्थी : जुन्या ग्रीक भाषांतरातही एकवाक्यता नाही : १:४ मध्ये ‘निष्कपट’ या अर्थाचा शब्द, तर ९:४ मध्ये ‘निर्बुद्ध’ या अर्थाचा. लॅटिनमध्ये तर ‘लहानगा’. याहून अवघड प्रश्न पुढच्या शब्दांचा आहे. ‘हसर-लेव’ म्हणजे शब्दशः ज्याला हृदय कमी आहे असा. मराठीत ‘हृदयशून्य’ लिहिले तर तो क्रूर ठरेल, कारण हिब्रूत विचार हृदयात होतो.

संतसाहित्याची वाचक : मग ‘मन’ घ्यावे. आपणही मनातच विचार करतो.

नगरकर : ‘मन नसलेला’ म्हणजे अनिच्छेने आलेला, असे होईल. शिवाय सोळाव्या वचनात मूर्खपणा ही स्त्रीही त्याच माणसाला त्याच शब्दांत हाक मारते. जो शब्द घ्याल, तो दोघींच्या तोंडी शोभला पाहिजे.