मदत हवी आहे: जलव्यवस्थापनात मास्टर्ससाठी जर्मनी, नेदरलँड्स की ब्रिटन?

नमस्कार मंडळी,

सिव्हिल इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. पुढे जलव्यवस्थापन किंवा भूजल यात मास्टर्स करायचं हे नक्की, पण देशावर घोडं अडलंय. अमेरिका घरी चर्चा होऊन कटाप झाली आहे, तो वाद कृपया इथे नको.

जर्मनीत श्टुटगार्ट आणि ड्रेस्डेन इथले इंग्रजी कोर्स आवडलेत. तिथे फी नसते असं जो तो सांगतो. व्हिसासाठी ब्लॉक्ड अकाउंटमध्ये (दरमहा ठरावीक रक्कमच काढता येते अशा खात्यात) वर्षाचे ११,९०४ युरो दाखवायचे, एवढं कळलंय. नेदरलँड्सचा पाण्याच्या विषयात हात कोण धरणार, पण टीयू डेल्फ्टची (तिथल्या तांत्रिक विद्यापीठाची) वर्षाची फी युरोपबाहेरच्यांना २०,००० युरोच्या वर जाते. ब्रिटनमध्ये कोर्स वर्षभरात आटोपतो आणि भाषेची कटकट नाही.

शिक्षण कर्जावर होणार आहे. त्यामुळे कोर्सनंतर दोन-तीन वर्षं तिथे नोकरी मिळणं ही चैन नाही, गरज आहे. जर्मन ए-टू पर्यंत, म्हणजे सहापैकी दुसऱ्या पायरीपर्यंत झालंय. एका कन्सल्टंटकडे जाऊन आले, पण त्यांनी माझे मार्क बघायच्या आधीच देश सुचवला, म्हणून इथे विचारते आहे.

फी कमी म्हणून जर्मनी धरावी का? इंग्रजी कोर्सवर तिथे नोकरी लागते का? आणि एका वर्षाच्या मास्टर्सला कमी लेखतात का?

'मनाचा कौल घे' असं कृपया लिहू नका. मनाने तिन्हीकडे कौल दिलाय.

– भूजल

ओहोळ

याच क्षेत्रात जर्मनीत काम करतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी फीचं बघू. 'जर्मनीत फी नाही' हे आता सरसकट खरं नाही. श्टुटगार्ट ज्या राज्यात आहे त्या बाडेन-व्युर्टेम्बर्गमध्ये युरोपबाहेरच्या विद्यार्थ्यांना २०१७ पासून सेमिस्टरला १,५०० युरो भरावे लागतात. म्युनिकच्या टीयूनेही २०२४ च्या हिवाळी सत्रापासून फी सुरू केली, ती मास्टर्सला सेमिस्टरमागे ४,००० ते ६,००० युरो आहे. बाकी बहुतेक सरकारी विद्यापीठांत फक्त सेमिस्टरची वर्गणी असते. ब्लॉक्ड अकाउंटला मात्र खर्चात धरू नकोस. ते तुझेच पैसे, महिन्याला ९९२ युरो असे तुलाच परत मिळतात. मोठ्या शहरात त्यातला निम्मा तरी भाड्यात जातो, हे धरून चाल.

आता भाषा. खरी मेख इथे आहे. कोर्स इंग्रजीत म्हणजे नोकरी इंग्रजीत, असं सॉफ्टवेअरवाल्यांचं एकवेळ जमतं, आपलं नाही. आपली कामं निघतात नगरपालिकांकडून, राज्यांच्या जलखात्यांकडून आणि वीस-तीस माणसांच्या सल्लागार कचेऱ्यांतून. निविदा जर्मनमध्ये, परवानगीचे अर्ज जर्मनमध्ये. साइटवर कंत्राटदाराचा फोरमन बोलतो ती तर पुस्तकातली जर्मनही नसते. पदवीनंतर नोकरी शोधायला १८ महिने मिळतात आणि त्या काळात कुठलंही काम करता येतं. मुदत भरपूर वाटते, पण ए-टू वर बसून राहिलीस तर ती भाषा शिकण्यातच जाईल. निदान बी-टू (चौथी पायरी) हवं, तेही कोर्स संपायच्या आत.

एक काम आजच कर. कोर्सची माहितीपत्रकं मिटव आणि तिन्ही देशांची नोकरीची पोर्टलं उघड. आपल्या विषयाचा शब्द तिथल्या भाषेत टाक, जर्मनीसाठी 'वासरविर्टशाफ्ट', म्हणजे जलव्यवस्थापन. जाहिरात कुठल्या भाषेत आहे, अनुभव किती मागितलाय, कोण माणूस घेतंय, एवढंच बघ. अर्ध्या तासात कन्सल्टंटपेक्षा जास्त कळेल.

सायली

वाचतेय. भाच्यापुढे हाच प्रश्न आहे, फक्त विषय वेगळा.

बंधारा

नेदरलँड्सबद्दल लिहितो. टीयू डेल्फ्ट आणि आयएचई डेल्फ्ट या एकाच गावातल्या दोन वेगळ्या संस्था आहेत. आयएचई १९५७ पासून फक्त पाण्याचंच शिक्षण देते. दोन्हींची पानं स्वतंत्र बघा.

पदवीनंतर एक वर्ष नोकरी शोधायला मिळतं. त्यासाठी पदवीपासून तीन वर्षांच्या आत अर्ज करता येतो, हा फायदा फारसा कोणी सांगत नाही. भाषेचं म्हणाल तर ओहोळ म्हणतात तसंच. तिथली २१ जलमंडळं (पाण्याचा कारभार बघणाऱ्या प्रादेशिक सरकारी संस्था) डचमध्येच चालतात. डेल्टारेससारखी संशोधन संस्था किंवा परदेशी प्रकल्प करणाऱ्या मोठ्या सल्लागार कंपन्या, इथे इंग्रजीवर निभावतं, पण जागा मोजक्या. शिकताना आठवड्याला १६ तासच काम करता येतं, त्यालाही मालकाने परवाना काढावा लागतो. त्यामुळे पार्टटाइमवर खर्च भागेल हे डोक्यातून काढा.

देश ठरत नसेल तर इरास्मस मुंडुसचा (युरोपीय संघाच्या शिष्यवृत्तीवर चालणाऱ्या संयुक्त मास्टर्सपैकी) भूजलावरचा 'ग्राउंडवॉच' बघाच. लिस्बन, डेल्फ्ट आणि ड्रेस्डेन मिळून चालवतात. शिष्यवृत्ती मिळाली तर फी माफ आणि महिन्याला १,४०० युरो. तिच्या जागा यंदा किती, ते त्यांच्या पानावर तपासा. चुरस जबर असते.

टेम्सकाठ

ब्रिटनमध्ये एका वर्षाच्या मास्टर्सला कोणी कमी लेखत नाही, तिथे तीच पद्धत आहे. अडचण वेळापत्रकाची. सप्टेंबरात कोर्स सुरू होतो आणि मोठ्या कंपन्यांच्या ग्रॅज्युएट भरतीचे अर्ज त्याच शरदात निघतात. पहिली असाइनमेंट द्यायच्या आधी सीव्ही तयार हवा.

काम आहे. इंग्लंड-वेल्समध्ये पाणीपुरवठा १९८९ पासून खासगी कंपन्यांकडे आहे. २०२५ ते २०३० साठी नियामकाने त्यांना १०४ अब्ज पौंडांचा खर्च मंजूर केलाय, त्यामुळे सल्लागार कंपन्यांकडेही कामाचा ओघ आहे. व्हिसा मात्र आवळत चाललाय. ग्रॅज्युएट रूटवर, म्हणजे पदवीनंतर तिथे राहून काम करायच्या व्हिसावर दोन वर्षं मिळायची, पण १ जानेवारी २०२७ पासून अर्ज करणाऱ्यांना १८ महिनेच. पुढे स्किल्ड वर्कर व्हिसासाठी (मालकाने पुरस्कृत केलेल्या नोकरीचा व्हिसा) वर्षाच्या पगाराची सर्वसाधारण अट ४१,७०० पौंड, नवख्यांना ३३,४००. कर्ज असताना हे आकडे आधी बघा, इमारतींचे फोटो नंतर.

भूजल

सगळ्यांचे आभार. ओहोळदादा, जाहिराती उघडल्या. जर्मनीच्या पहिल्या पानावर एकही इंग्रजी नाही. ब्रिटनच्या सगळ्या वाचता आल्या, पण फी आणि राहण्याचा खर्च मिळून कर्ज बरंच फुगतंय, म्हणून तूर्त बाजूला ठेवते. ग्राउंडवॉच आणि ड्रेस्डेन दोन्हीकडे अर्ज करणार, आणि जर्मनचा बी-वनचा क्लास याच महिन्यात लावते.

एक शंका: शेवटच्या सेमिस्टरचा निकाल नसताना युनी-असिस्टमधून (जर्मन विद्यापीठांसाठी परदेशी अर्ज तपासणारी संस्था) अर्ज करता येतो का?

ओहोळ

बऱ्याच कोर्सना चालतो, आतापर्यंतच्या गुणपत्रिका लावायच्या. पहिल्या अर्जाला ७५ युरो, त्याच सत्रातल्या पुढच्या प्रत्येकाला ३०. विषयवार अभ्यासक्रमाचा तपशीलही जोड. हायड्रॉलिक्स, गणित वगैरेचे किती क्रेडिट झालेत हे ते काटेकोर मोजतात आणि नुसत्या मार्कशीटवरून त्यांना ते कळत नाही. त्यावर कॉलेजचा शिक्का आत्ताच घेऊन ठेव, परीक्षा सुरू झाल्या की ऑफिसात कोणी दाद देत नाही.