मदत हवी आहे : मेंदूतली गाठ जंताची की ट्यूमर?

मंडळी, खानापूरकडच्या माझ्या मामांना शेतात फिट आली. एमआरआयमध्ये कड्यासारखी छोटी गाठ, भोवती सूज. एक डॉक्टर म्हणतात जंताची; दुसरे म्हणतात ट्यूमर असू शकतो, बायोप्सी करा.

मामी एकच धरून बसल्यात : "आम्ही माळकरी, घरात कधी मटण शिजलं नाही, मग जंत कुठून?" या जंताची, म्हणजे पट्टकृमीची, अंडी न धुतलेल्या भाजीतून, पाण्यातून, हातांतूनही पोटात जातात, हे त्यांना कुणी पटवायचं?

त्यात मामेभावाने टॉक्सोप्लाझ्मा (मांजरांतून पसरणारा एक परजीवी) आणि ग्लायोमा (मेंदूतला एक ट्यूमर) यांचं वाचलं. २०२१ च्या एका अभ्यासात या परजीवीच्या अँटीबॉडी असलेल्यांत ग्लायोमा जास्त दिसला, पण तेच कारण असं सिद्ध झालेलं नाही. शिवाय तो परजीवीच वेगळा. मांजर मात्र हकनाक घराबाहेर गेलं.

गाठीच्या आत ठिपका, म्हणजे जंताचं डोकं, दिसलं तर निदान पक्कं होतं म्हणे. रिपोर्टमध्ये त्याचा उल्लेखच नाही. फिल्म पुन्हा कुणाला दाखवावी? कोल्हापूर, हुबळी की थेट बेंगळुरूला निम्हान्स या मेंदूविकारांच्या संस्थेत? अल्बेंडाझोल (जंताचं औषध) आणि स्टेरॉईड घेऊन नंतर पुन्हा स्कॅन केलेलं कुणी आहे का? बायोप्सी थांबवता आली का? फिटच्या गोळ्या चालू आहेत. अनुभव असेल त्यांनीच सांगा, झाडपाल्याचे उपाय नकोत.