सहावीची सहल: वॉटरपार्क, पाच ठिकाणं की नुसता नाणेघाट? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

लेक सहावीत आहे. शाळेची सहल जानेवारीत निघेल आणि ठिकाणाबाबत यंदा पालक-शिक्षक संघाचं मत मागवलंय. संघात मीही आहे, म्हणून हा धागा. शाळा भोसरीकडची, मराठी माध्यमाची. दोन तुकड्या मिळून शंभरेक मुलं होतील.

समोर दोन प्रस्ताव आहेत. पहिला वॉटरपार्क. मुलं अर्थातच त्याच बाजूची आहेत आणि त्यात त्यांचं काही चुकतंय असं मला वाटत नाही. दुसरा ट्रॅव्हल्सवाल्याने छापूनच दिलेला 'ऐतिहासिक व धार्मिक दर्शन': पहाटे निघायचं, राजगुरुनगरला हुतात्मा राजगुरूंचा वाडा, मग शिवनेरी, लेण्याद्री, ओझरचा विघ्नहर, जमल्यास नाणेघाट, आणि रात्री परत. यातलं 'जमल्यास' वाचून मला हसू आलं. जुन्नरहून नाणेघाटाजवळच्या घाटघरला जायलाच तासभर लागतो. अशा सहलीत मुलं इतिहास बघत नाहीत, रांगेत उभी राहून हजेरी देतात. शिट्टी वाजली की उतरा, शिट्टी वाजली की चढा.

मला यातला 'जमल्यास'वालाच भाग हवाय. दिवसभर एकट्या नाणेघाटावर! कारण असं की या मुलांना यंदा प्राचीन भारत आहे, सातवाहन अभ्यासाला आहेत. शिवकाल ती चौथीत शिकली, सातवीत पुन्हा शिकतील. सातवाहन मात्र एकदा परीक्षा झाली की संपले. वर्गात 'व्यापार भरभराटीला आला होता' हे वाक्य मुलं पाठ करतात. तो व्यापार ज्या खिंडीतून चढून यायचा ती खिंड आपल्याच जिल्ह्यात आहे, तिच्यातली फरसबंदी अजून दिसते, वर दगडी रांजण आहे, गुहेत सातवाहन राणी नागनिकेचा लेख आहे. सोपारा-कल्याणच्या बंदरांत उतरलेला माल इथून जुन्नरला आणि पुढे पैठणकडे जायचा. हे कड्यावर उभं राहून खाली कोकण बघताना जितकं कळेल तितकं फळ्यावरच्या नकाशात कळेल का?

बैठकीत मात्र मला विचारलं गेलं, "तिथे बघायला आहे काय? एक गुहा आणि एक रांजण!" दुसरे एक पालक म्हणाले, "पैसे भरून मुलांना दगड दाखवायचे?" उत्तर मनात होतं, पण ते नीट मांडता आलं नाही, कारण प्रश्न अगदीच खोटा नाही. लेखाची अक्षरं झिजलीत, गुहेतले राजघराण्याचे पुतळे तर राहिलेच नाहीत. मुलं दहा मिनिटांत गुहा बघून बाहेर येतील आणि मग कड्याकडे धावतील, ही भीती मलाही आहे.

तर ज्यांनी मुलांना अशा जागी नेलंय त्यांनी कृपया सांगा: दिवसभर एकाच ठिकाणी अकरा-बारा वर्षांची मुलं खरंच रमतात का? त्यांना तिथे करायला काय द्यायचं? आणि न पटलेल्या पालकांना काय सांगायचं? प्रश्नावल्या नकोत, त्या मुलं एकमेकांच्या बघून भरतात.

प्रतिसाद १

ताई, मी जिल्हा परिषदेच्या शाळेत इतिहास शिकवून निवृत्त झालो. एकच ठिकाण हा तुमचा आग्रह सोडू नका. माझा अनुभव असा की मूल जागेवर रमतं ते तिथे काहीतरी शोधायला असेल तर. नुसतं 'बघा' म्हटलं की ते दोन मिनिटांत बघून मोकळं होतं.

नाणेघाटासाठी सहलीच्या आधी आठवडाभर ब्राह्मी लिपी शिकवा, तिथले लेख त्याच लिपीत आहेत. सगळी नको, दहा-बारा अक्षरं पुरेत. मुलांना फार आवडते, कारण तिच्यात आपलं नाव लिहून मैत्रिणीला चिठ्ठी पाठवता येते आणि बाईंना वाचता येत नाही! मग गुहेत मागच्या भिंतीपाशी न्या. तिथे राजघराण्याचे पुतळे ओळीने होते. आज पावलांच्या खुणा तेवढ्या उरल्यात, पण त्यांच्या वर कोरलेली नावं आहेत: 'राया सिमुक सातवाहनो', मग देवी नायनिका (म्हणजेच नागनिका) आणि राजा सिरि सातकनि (सातकर्णी), पुढे कुमार, महारठी (मोठे सरदार). 'सातवाहन'मधला 'स' आणि 'त' शोधा म्हणावं. ज्या मुलाला दोन हजार वर्षांपूर्वीचं एक अक्षर स्वतःचं स्वतःला वाचता आलं, त्याला पुतळे नसल्याची खंत वाटत नाही. उलट तेच विचारतं, पुतळे गेले कुठे?

बाजूच्या भिंतींवरचा मोठा लेख झिजलाय, तो मुलांकडून वाचून होणार नाही. पण त्यात काय आहे ते सांगाच. केलेले यज्ञ आणि त्यांत दिलेली दक्षिणा यांची ती यादी आहे. ११,००० गायी, १,००० घोडे अशी दानं आणि कार्षापण नाण्यांच्या रकमा. भारतातले अंक कोरलेले जे फार जुने लेख आहेत त्यांत हा मोडतो, म्हणून गणिताच्या बाईंनाही बरोबर घ्या. पुरातत्त्व अभ्यासक पंडित भगवानलाल इंद्रजींनी एकोणिसाव्या शतकात या अंकांचा अभ्यास केला. ते अंक कागदावर मोठे काढून न्यावेत आणि मुलांनी भिंतीवर जुळवावेत. हात मात्र लावायचा नाही, हे निघण्याआधीच बजावा.

प्रतिसाद २

सरांचं सगळं मान्य, पण आधी व्यवहाराचं बोलू. मी जुन्नरचीच.

जुन्नर बाजूने गाडी पठारावर रांजणाजवळपर्यंत येते, तिथून खिंडीत थोडं उतरलं की गुहा. म्हणजे लहान मुलांना जमतं. ट्रेकवाले मुरबाडकडून वैशाखऱ्याहून चढतात, ती वाट सहलीला घेऊ नका, कोणी कितीही उत्साहाने सुचवली तरी. शंभर मुलं एकदम गुहेत नेऊ नका. वीस-पंचवीसचे गट करा. एक गुहेत, एक रांजणापाशी, एक खिंडीतली फरसबंदी बघायला, एक सावलीत बसून चित्र काढायला, आणि मग अदलाबदल. कड्याच्या बाजूला मोठी माणसं उभी करा, एक-दोन नाही, ओळच. वारा जोराचा असतो, टोप्या उडतात आणि टोपीमागे मूल धावतं.

मुलींच्या स्वच्छतागृहाची सोय जुन्नरमध्येच करून घ्या, वर भरवसा ठेवू नका. पाणी बरोबर न्या. खासगी बसऐवजी एसटीच्या आगारात चौकशी करा, शालेय सहलींना भाड्यात ५० टक्के सवलत मिळते. तो एक आकडा बैठकीत बाकी सगळ्या युक्तिवादांपेक्षा जास्त काम करेल. 😀

प्रतिसाद ३

मी जरा विरोधात बोलतो. शाळेच्या सहलीतलं मला आठवतंय ते बसमधल्या भेंड्या, मित्राच्या डब्यातली गुळपोळी आणि परतताना झालेल्या उलट्या. प्रतापगड पाहिला होता म्हणे. फोटोत मी दिसतो. तेव्हा 'मुलांवर संस्कार होतील' वगैरे सांगून पालकांना पटवायला जाऊ नका, ते वॉटरपार्कच निवडतील. आणि खरं सांगू, वॉटरपार्कही वाईट नाही. मुलांना एक दिवस मजा करू द्या.

दुसरं म्हणजे शिवनेरी सोडून घाट? ज्या किल्ल्यावर १९ फेब्रुवारी १६३० ला महाराज जन्मले त्याच्या पायथ्यावरून बस पुढे न्यायची? पालक उचलून धरतील असं वाटत नाही. त्यात २०२५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत जे १२ किल्ले गेले त्यांत शिवनेरी आहे. सगळ्यांच्या तोंडी आहे तो.

धागाकर्ती

सर, ब्राह्मीची कल्पना फार आवडली. लेकीला काल रात्री चार अक्षरं दाखवली, आज वहीच्या मागच्या पानावर तिचं नाव सापडलं.

जुन्नरच्या ताई, एसटीचं माहीत नव्हतं. उद्याच आगारात जाते.

प्रतिसाद ३, तुमचा मुद्दा टाळत नाही. पण प्रतापगड तुम्हाला आठवत नाही तो का? तिथे तुम्हाला किती वेळ मिळाला होता आणि काय करायला दिलं होतं? भेंड्यांत तुम्ही स्वतः गात होतात म्हणून त्या आठवतात. किल्ल्यावर तुम्हाला फक्त उभं केलं. मला तेच बदलायचंय. शिवनेरीचं मात्र खरं आहे, त्यावर मी अडकलेय. पालकांपैकी निम्मे तरी हाच प्रश्न विचारतील.

प्रतिसाद ४

शिवनेरीबद्दल. तो वगळायची गरज नाही, आणि घाटापासून तोडायचीही नाही. किल्ला तिथे का आहे? जुन्नरची बाजारपेठ आणि घाटाची वाट यांच्यावर नजर ठेवायला. शिवनेरीच्या कड्यांत बौद्ध लेणी कोरलेली आहेत, म्हणजे महाराजांच्या जन्माच्या कितीतरी शतकं आधी त्या डोंगरावर वस्ती होती, आणि अशी लेणी उभी राहायला दान देणारे व्यापारी, कारागीर लागत. वाट आधी, बाजार मग, लेणी मग, किल्ला मग. मुलांना हा क्रम लागला तर सातवीचा अर्धा पाठ आत्ताच झाला. यंदा सहावीला नाणेघाट आणि हीच मुलं सातवीत गेली की शिवनेरी, असा दोन वर्षांचा प्रस्ताव ठेवून बघा. पालकांनाही शिवनेरी 'गेला' असं वाटणार नाही.

आणि शिवनेरीला न्याल तेव्हा दरवाजे ओलांडत धावत वर नेऊ नका. सात दरवाजे आहेत. मुलांना शत्रू करा आणि प्रत्येक दरवाज्याशी थांबून विचारा, इथे तुम्ही कुठून आत शिराल आणि वरून तुमच्यावर काय पडेल? वर गेल्यावर पाण्याची टाकी दाखवून विचारा, इथे वेढा पडला तर किती दिवस टिकाल? आमच्या मुलांनी यावर तावातावाने भांडून हिशेब केला होता.

प्रतिसाद ५

पालकांना 'अभ्यास काय सांगतो' असलं काही हवं असेल तर एक आहे. अमेरिकेत अर्कान्सास राज्यात बेंटनव्हिल इथे क्रिस्टल ब्रिजेस हे कलासंग्रहालय २०११ मध्ये उघडलं. शाळांच्या सहलींसाठी इतके अर्ज आले की सोडत काढावी लागली. संशोधकांनी त्याचा फायदा घेतला: ज्यांना आधी संधी मिळाली आणि ज्यांना नाही अशा जवळपास ११,००० मुलांची तुलना केली. जाऊन आलेल्या मुलांना तपशील आठवत होते, एखादं चित्र बारकाईने बघून त्याबद्दल विचार मांडण्यात ती पुढे होती, आणि जुन्या काळातल्या माणसांच्या जागी स्वतःला ठेवून बघणंही त्यांना थोडं अधिक जमत होतं. गावाकडच्या आणि गरीब घरच्या मुलांमध्ये फरक जास्त दिसला. अर्थात ते चित्रांचं संग्रहालय, आपली गुहा नव्हे, तेव्हा ताणून सांगू नका. पण 'सहलीतून काय मिळतं' याचं इतकं स्वच्छ मोजमाप क्वचित झालंय.

प्रतिसाद १

एक राहिलं. रांजणाची गोष्ट मुलांना 'खरं काय ते सांगा' अशी द्या. त्यात जकातीची नाणी टाकत असं लोक सांगतात. मुलांना विचारा, तुम्ही जकात घेणारे असता तर नाणी उघड्यावरच्या दगडी भांड्यात ठेवली असती का? काही हो म्हणतील, काही म्हणतील तो पाण्याचा असेल. निकाल देऊ नका. परतीच्या बसमध्ये भेंड्यांबरोबर हेही चालू दे.

धागाकर्ती

प्रतिसाद ४ चा दोन वर्षांचा प्रस्ताव उचलतेय. शनिवारी बैठक आहे. एसटीचा दर आणि गटांचं वेळापत्रक कागदावर घेऊन जाईन, अभ्यासाचं कोणी विचारलंच तर सांगेन. मुख्याध्यापकांची अट एवढीच की शिक्षणाधिकारी कार्यालयाच्या परवानगीसाठी कार्यक्रम तासवार लिहून द्यायचा आणि संमतीपत्रं आधी गोळा करायची.

आता एकच अडचण उरलीये. शंभर मुलांचं जेवण. डबे सांगितले तर उन्हात दुपारपर्यंत टिकतील असं काय आणायला सांगू? घाटघरमध्ये इतक्या जणांचं पिठलं-भाकरी आधी कळवलं तर कोणी करून देतं का?

प्रतिसाद २

देतात की. पण आठवडाभर आधी कळवा आणि माणसांचा नेमका आकडा द्या, आयत्या वेळी भाकऱ्या वाढत नाहीत. डबे सांगायचे तर दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि गूळ. दही आणि ओल्या नारळाचं काही नको. उरलेलं अन्न आणि कागद परत आणायला प्रत्येक गटाला एक पिशवी द्या.