अतिरिक्त न्यायमूर्तींना ‘कायम’ नेमकं कोण करतं?

गिरगाव_एलएलबी: मुंबई उच्च न्यायालयात आधी दोन वर्षांसाठी अतिरिक्त न्यायमूर्ती नेमतात, मग कायम करतात. कॉलेजियमचं, म्हणजे ज्येष्ठ न्यायमूर्तींच्या निवड मंडळाचं, म्हणणं बंधनकारक असेल तर सरकार मुदत कमी कशी करतं? आणि अमेरिकेच्या सिनेटसारखी नेमणुकीआधी उघड सुनावणी इथे का नाही?

मूळशाखा: मुख्य न्यायमूर्ती दोन ज्येष्ठ सहकाऱ्यांसह शिफारस करतात. सोबत महिनावार निकाली प्रकरणांचा तक्ता आणि निकालपत्रं जातात. राज्य सरकारचं मत, केंद्रीय विधी मंत्रालय, सर्वोच्च न्यायालयाचं कॉलेजियम असं करत फाइल राष्ट्रपतींकडे पोचते. सरकारनं परत पाठवलेलं नाव कॉलेजियमनं एकमतानं पुन्हा पाठवलं, की नेमणूक करावीच लागते. पण फाइल नुसती पडून राहिली तर न्यायमूर्तींच्या नेमणुकांवरच्या सर्वोच्च न्यायालयाच्या १९९३च्या निकालात त्यावर इलाज नाही. सगळी गोची तिथेच आहे.

न्या. पुष्पा गनेडीवाला यांचं बघा. जानेवारी २०२१ मध्ये त्यांना कायम करण्याची शिफारस झाली. पोक्सोच्या, म्हणजे बालकांवरील लैंगिक गुन्ह्यांच्या कायद्याखालच्या, निकालांवरून गदारोळ उठला, शिफारस मागे घेतली गेली. कॉलेजियमनं दोन वर्षं सुचवली, अधिसूचना एकाच वर्षाची निघाली. त्यातला सर्वात गाजलेला निकाल चुकीचाच होता आणि सर्वोच्च न्यायालयानं त्याच वर्षी नोव्हेंबरात रद्दही केला. चुकीच्या निकालावरचा उपाय तोच, अपील. नोकरी टांगणीला लावणं हा उपाय नव्हे, कारण उद्या सरकारला न आवडलेल्या बरोबर निकालालाही तोच दंड बसेल.

कलम_२११: सुनावणीबद्दल: न्यायमूर्तींच्या कामातल्या वर्तनावर विधिमंडळात चर्चाच करता येत नाही. संसदेत कलम १२१खाली फक्त पदच्युतीच्या प्रस्तावावर करता येते. २४ मे १९४९ला बाबासाहेबांनी घटना समितीत नेमणुकांना संसदेची संमती घेण्याची सूचना नाकारली आणि सरन्यायाधीशांना नकाराधिकार देणंही. आजचं कॉलेजियम त्यात बसत नाही, हे मान्य करायला हवं.

मूळशाखा: खरं दुखणं कलम २२४चं. तात्पुरतं काम वाढलं तर अतिरिक्त न्यायमूर्ती, असा तो हिशोब. मुंबईत ९४ मंजूर पदांपैकी २३ अतिरिक्त आहेत, आणि थकबाकी काही तात्पुरती नाही. अशा न्यायमूर्तींच्या बोर्डावर, म्हणजे दिवसाच्या प्रकरणांच्या यादीत, रोज महाराष्ट्र शासन प्रतिवादी असतं, आणि त्याच शासनाचं मत त्यांच्या फाइलला लागतं.

गिरगाव_एलएलबी: ही २३ पदं कायम करायला घटनादुरुस्ती लागेल?

कलम_२११: नाही, साधा कायदाही नको. सर्वोच्च न्यायालयाची संख्या संसद ठरवते. उच्च न्यायालयाची कलम २१६खाली राष्ट्रपती, म्हणजे केंद्र सरकारच.